पिकअपमधला गारवा

बाहेरगावचा पाहुणा आमच्या उन्हाळ्याला नावं ठेवू लागला की वर्धेकडच्या माणसाला मनातून बरं वाटतं. हे ऊन आमचं आहे आणि तुम्हाला ते झेपत नाही, असा तो छुपा तोरा असतो. मलाही तो होता. पण लग्नाआधीच्या तीन वर्षांत मी या उन्हाचा जितका दुस्वास केला, तितका कुठल्या माणसाचा केला नाही. आणि माणसांच्या बाबतीत मी काही फार सोशिक आहे अशी माझी ख्याती नाही.

बाबा रोहण्याच्या शाळेत मास्तर होते. मृग लागायच्या आधी घरावरची कवेलू फेरायची, म्हणजे फुटकी काढून नवी बसवायची, ही आमच्याकडची दरवर्षीची कटकट. ते काम माझ्या काकांचं होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पण त्या दिवशी ते आपल्या पिकअपचा कसलासा पार्ट आणायला आर्वीला गेले होते, आणि ढग तर दाटून आलेले. बाबांनी धोतर खोचलं आणि स्वतःच शिडी लावली. वरून पडले ते अंगणातल्या धुण्याच्या दगडावर.

पाठीचा कणा मोडला. छातीपासून वरचे बाबा पूर्वीसारखेच राहिले. तोच खणखणीत आवाज, तेच वळणदार अक्षर, तीच दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक पकडायची खोड. छातीखालचं अंग मात्र त्यांचं राहिलं नाही. त्याला हात लावलेला त्यांना कळत नसे, चटका बसलेला कळत नसे. आणि त्या अंगाला घामही येणार नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. घाम न येण्याचा अर्थ आम्हाला पहिल्या मे महिन्यात कळला. दुपारी वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत बाबा तव्यासारखे तापले. डोळे पांढरे केले, बरळू लागले. आईने आणि मी त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून घागरीवर घागरी ओतल्या. ते वाचले, पण आम्ही सगळे त्या दिवसापासून घाबरट झालो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आम्ही पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागलो. खोलीच्या दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. पत्र्याचा मोठा कूलर आला. बाबांच्या अंगावर कायम ओली चादर, आणि ती वाळायच्या आत आई पुन्हा ओली करायची. फाल्गुन ते मृग हा तिचा एकच उद्योग. हळूहळू झालं असं, की बाबांना किती गार ठेवायचं हे ठरवणारे आम्ही तिघंजण झालो आणि त्यात बाबा नव्हते. त्यांनी काही म्हटलं तरी आई म्हणायची, "तुमाले समजते का अंगाचं? चुप पडून राहा." ज्या माणसाने अख्ख्या गावाला बाराखडी शिकवली, त्याला आम्ही घरात चूप बसवलं होतं. यात मीही होतेच. माझा आवाज तर सगळ्यांत मोठा.

अशात माझं लग्न ठरलं. स्थळ गिरडच्या अलीकडच्या एका गावचं, शेतीवाडी असलेलं, आणि मुलगा हिंगणघाटला नोकरीत. त्यांची आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि नातवाच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या म्हणून जीव धरून होती. म्हणून लग्न त्यांच्या दारी, मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वऱ्हाड न्यायचं. त्यांच्या आजीचा विचार झाला, माझ्या बाबांचा झाला नाही, याचा मला इतका संताप आला की मी बैठकीत चहाचे कप आपटूनच ठेवले.

मी बाबांना तोंडावर सांगितलं, "तुमी येऊ नका. माह्या लग्नापायी तुमाले काई झालं त मले ते लग्न जन्मभर गोड लागणार नाई."

बाबांनी नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाले, "कन्यादान माह्या हातानं होईन. हात शाबूत हायेत माहे."

एवढंच. मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी भाकरीचं ताट घेऊन गेले तर तोंड फिरवायचे, आईने आणलं की खायचे. माझ्या स्वभावाचा उगम कुठे आहे ते गावाला ठाऊक होतंच.

मार्ग काढला काकांनी. काढला म्हणजे, ते त्यालाच टपलेले होते. त्या दिवशी आपण आर्वीला गेलो नसतो तर, हे काका कधी बोलले नाहीत, पण या तीन वर्षांत बाबांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी ते आपले हात रिकामे तर नाहीत ना, हे बघायचे. काहीतरी आणलेलं असलंच पाहिजे: संत्री, टरबूज, वाळ्याची नवी जुडी. रिकाम्या हातांनी त्यांना भावासमोर उभंच राहता येत नसे. आता त्यांनी जे आणलं ते पोत्यात बांधलेलं होतं आणि त्याला ग्रीसचा वास येत होता. नागपूरच्या भंगारबाजारात एक नवी कोरी मोटार उलटून चेपलेली आली होती. त्या काळी नुकत्याच दिसू लागलेल्या छोट्या, गुळगुळीत मोटारींपैकी एक. तिच्यातलं एसीचं सामान काकांनी उपसून आणलं होतं.

"भाऊले आपल्या गाडीत बसवून नेऊ," काका म्हणाले. "अस्सं थंडंगार."

आपली गाडी म्हणजे काकांची पिकअप. सरकारी लिलावात घेतलेली, जीपसारख्या नाकाची, माझ्यापेक्षा वयाने थोडीच लहान. ती संत्र्यांचे डाले आणि सरकीची पोती वाहायची. तिच्या डोक्यावर ताडपत्री होती आणि दाराला काच अशी एकाच बाजूला होती. तिच्यात एसी बसवणं म्हणजे म्हशीला मोजे घालण्यातला प्रकार. मी तसं बोलूनही दाखवलं. काकांनी ऐकलं नाही. ते आधीच बॉनेट उघडून आत घुसले होते.

महिनाभर अंगणात तोच खेळ चालला. वर्ध्याहून फ्रीज दुरुस्त करणारा एक माणूस यायचा, तो आणि काका मिळून त्या नव्या सामानाला जुन्या गाडीत जागा शोधायचे. जागा नव्हतीच. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा तो गोल डबा, नव्या मोटारीत जिथे बसायचा तिथे आमच्या गाडीत नुसती पोकळी. काकांनी जुन्या कमानपट्ट्याचं लोखंड कापून त्याला बैठक केली. ती केसभर तिरपी झाली आणि कॉम्प्रेसर फिरवणारा रबरी पट्टा किंचाळायला लागला. गाडी सुरू केली की अख्ख्या आळीतली कुत्री भुंकत. दोन पट्टे तुटले. मग बैठक पुन्हा कापली. ते जमलं तर गाडीचा म्हातारा डायनामो पुरेना. एसी लावला की दिवे मिणमिणत आणि पंखा धापा टाकी. मग दुसऱ्या गाडीतून जास्त वीज देणारा अल्टरनेटर आला. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे ठोकली, तर रेडिएटरला वारा मिळेना आणि उभ्या गाडीत पाणी उकळू लागलं. नळ्यांची तोंडं जुळत नव्हती ती वेगळीच गोष्ट. सांध्यातून गॅस निसटतो का बघायला साबणाचा फेस लागायचा, तो मी वाटीत करून द्यायचे. फेसाला बुडबुडा आला की काका त्या बुडबुड्याकडे असे बघत, की मला चिडायचं असूनही चिडता येत नसे.

थंडावा किती हवा तो ठरवणारा खटका त्या सामानात धड आलाच नव्हता. त्याची तांब्याची बारीक नळी अपघातात मोडलेली. काकांनी दोन वायरी सरळ जोडून टाकल्या. एक तर चालू, नाहीतर बंद.

ताडपत्री काढून पत्र्याचं टप केलं, दोन्ही दारांना काचा बसल्या. पण पत्रा उन्हात तापणार. तेव्हा आईला सुचलं, की माणसाला थंडीत गोधडी ऊब देते ती बाहेरचा गारठा अडवून, तर ती बाहेरचं ऊनही अडवील. मग आई आणि मी घरच्या कापसाच्या जाड गाद्या भरल्या, जुन्या लुगड्यांचं अस्तर घातलं आणि ते सगळं टपाला, दारांना, पायाखाली आतून शिवून-ठोकून बसवलं. हिरव्या-जांभळ्या लुगड्यांचं ते आतलं घर बघायला गाव लोटलं. एक बाई म्हणाली, "पाय वं, गाडीले पोर होणार हाये का, येवढी गोधडी शिवली?" आई हसली. तीन वर्षांत ती मोकळेपणी हसलेली मला फारशी आठवत नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

ज्या दिवशी तो गारवा पहिल्यांदा सुटला, त्या दिवशी काकांनी बाबांना उचलून गाडीत बसवलं, काचा लावल्या आणि गावाबाहेर एक चक्कर मारून आणली. ते परत आले तेव्हा बाबा माझ्याशी बोलले. "येऊ का आता?" असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, या. माझी भीती गेली नव्हती. पण त्या माणसाच्या डोळ्यांत जे होतं, त्याला नाही म्हणण्याइतकी मी निगरगट्ट नव्हते.

लग्नाच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत निघालो, उन्हाला चुकवायचं म्हणून. पुढे पिकअप, मागे वऱ्हाडाची बस. बसमध्ये मी, हळदीने पिवळी आणि काळजीने हिरवी. पिकअपमध्ये काका स्टिअरिंगवर, मधे आई, आणि खिडकीशी बाबा, गादीच्या आधाराने बसवलेले, छातीला पट्टा. त्यांच्या मांडीपासून पायापर्यंत आणि पोटावर ओली चादर, घरच्या रीतीप्रमाणे. आईजवळ पाण्याची बादली आणि लोटा. एसी असताना ओली चादर कशाला, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. गारवा म्हणजे पाणी, हे आम्ही कूलरकडून शिकलो होतो. आणि जेवढा जास्त तेवढा चांगला, हे आम्हाला सूर्याने शिकवलं होतं. काकांनी हवेची दोन्ही तोंडं पत्रा वाकवून बाबांकडे वळवली होती. गाडीतला सगळा गारवा त्या एका माणसासाठी.

वर्ध्याला चहाला थांबलो तेव्हा काकांनी बसमधल्या प्रत्येकाला बोलावून खिडकीतून हात घालायला लावला. लोक हात घालत आणि "अरे बापरे" म्हणून हसत. आईने चादर पिळून पुन्हा ओली केली. पुढे हिंगणघाट गेलं. समुद्रपूरला पुन्हा थांबलो, तोवर उन्हाने डोळे मिटायला होत होते. आई खाली उतरली ती पदर अंगाभोवती लपेटून. "मले त थंडी वाजून राह्यली बाई," ती बायकांना सांगत होती, आणि तिच्या आवाजात असा मिरवता आनंद होता, की जशी काही काशीला जाऊन आली. मे महिन्यात थंडी वाजणं! बायका तिचे हात हातात घेऊन बघत होत्या. मी बसच्या खिडकीतून बाबांकडे बघितलं. ते मान मागे टेकून डोळे मिटून होते. सुखात दिसले. मला बरं वाटलं.

मुलाच्या गावी पोचलो. गिरडची टेकडी तिथून दिसते; आईने टेकडीवरच्या दर्ग्याच्या दिशेने हात जोडले की सगळं सुखरूप पार पडू दे. काकांनी पिकअप मांडवाला लागून लिंबाखाली उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. पाणी उकळू नये म्हणून बॉनेट उघडून त्यांनी जाळीवर ओलं पोतं टाकलं आणि स्वतः बादली घेऊन तिथेच उभे राहिले, ड्युटीवर उभं राहावं तसे. नवरदेव मारुतीच्या देवळात होता, वाजंत्री तिकडे वाजत होती, आणि मुहूर्ताला अजून अवकाश होता.

सोयऱ्यांकडची मंडळी बाबांना भेटायला पिकअपशी येऊ लागली. दार उघडायचं, पाया पडायचं, लगेच दार लावायचं. मी मांडवालगतच्या घरात खिडकीशी बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. "पाय काय थंडेगार हायेत गुरुजीचे," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "राजाचा थाट हाये." जो पाया पडे तो पायांच्या थंडपणाची तारीफ करून जाई. काका प्रत्येकाला एसीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

बोहल्यावर चढायच्या आधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं असतं. मी गेले. दार उघडलं तर आतला गारवा अंगावर आला. बाहेर लाही फुटेल असं ऊन, आत पौषातली पहाट. मी वाकून पायांना हात लावला. बाबांचे पाय मी तीन वर्षं रोज धूत होते. ते तसेही जरा गारच असायचे. पण हे पाय निराळे होते. माठाच्या तळाला हात लागावा तसे. मी वर बघितलं. बाबांचे ओठ जांभळे होते.

"बाबा," मी म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, फार हळूहळू. माझ्याकडे बघितलं, मुंडावळ्यांकडे बघितलं, आणि जड जिभेने विचारलं, "घंटा झाली का?"

मी त्यांच्या गळ्याला हात लावला, जिथलं अंग त्यांचं स्वतःचं होतं. तेही गार. आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं मला एकदम आठवलं, सगळंच्या सगळं, त्यातलं निम्मं आम्ही घरी आणलं होतं आणि निम्मं दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आलो होतो. ते म्हणाले होते, या अंगाला ऊन कळणार नाही तशी थंडीही कळणार नाही; घाम येणार नाही तसा काटाही येणार नाही, गार पडले तर कुडकुडणारही नाहीत, ध्यान ठेवा. पण थंडीने माणूस मरतो हे आमच्या मुलखात कोण ध्यानात ठेवणार? हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनाच पांघरूण घालतो, त्यात बाबांना घातलं होतं. तेवढ्याने भागलं होतं.

"बंद करा ते," मी ओरडले.

काका बादली घेऊन धावत आले. "काऊन? काय झालं?"

"बाबा गारठले. बंद करा. त्याइले उन्हात घ्या."

काकांनी बादली खाली ठेवली. "येडी झाली का तू? उन्हात? बंद केलं त भाऊ जाईन."

त्यांचा दोष नव्हता. तीन वर्षं आम्ही ज्याच्यापासून या माणसाला दडवून ठेवलं, त्याच्याच पुढ्यात त्याला नेऊन टाकायला मी सांगत होते. आई तर माझा हात धरून रडायलाच लागली, "बापाले मारते का वं." मलाही खात्री कुठे होती? मी काही डॉक्टर नव्हते. पण माझा हात त्या गळ्यावर होता आणि हाताला जे कळत होतं ते कळत होतं. मी काकांना बाजूला सारून आत वाकले आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. सकाळपासून कानात बसलेला तो आवाज गेल्यावर देवळाकडची वाजंत्री एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

मी चादर ओढून फेकली. ती इतकी थंड होती की माझीच बोटं आखडली. मांडवातल्या दोघांनी बाज आणली, काकांनी शेवटी भावाला उचललं, आणि मांडवाबाहेरच्या मोकळ्या खळ्यात, जिथे सावलीचा ठिपका नव्हता, तिथे बाबांना निजवलं. कोरडं धोतर पांघरलं. मी बाजेशी खाली बसले आणि हात पुन्हा त्यांच्या गळ्यावर ठेवला.

आता खरी परीक्षा होती. ऊन किती द्यायचं? कमी पडलं तर ते गेले, जास्त झालं तरी गेले. दोन्हींमधली रेघ कुठे आहे ते सांगणारा कोणी तिथे नव्हता, एक माझा तळहात सोडून. जमीन शालूतूनही भाजत होती. हळद घामाने ओघळून हिरव्या शालूवर डाग पडत होते. मागे कुजबूज सुरू झाली: नवरी मांडवाबाहेर आली, उन्हात बसली, हा काय अपशकुन, मुहूर्त चालला. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर भांडले असते, आणि भांडायला वेळ नव्हता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. माझ्या लग्नापायी. मी सांगितलं होतं ना, येऊ नका. आणि मग मीच म्हटलं, या.

वाजंत्री मांडवापाशी येऊन थांबली. घोड्यावरून उतरून नवरदेव सरळ खळ्यात आला. त्याला मी एकदाच बघितलं होतं, तेही खाली मान घालून. तो बाजेपाशी येऊन उभा राहिला आणि त्याची सावली बाबांच्या छातीवर पडली.

"बाजूले व्हा," मी म्हटलं, "ऊन अडून राह्यलं."

माझ्या नवऱ्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो बाजूला झाला. नुसता झाला नाही, मागे कोंडाळं करून उभ्या असलेल्या आपल्या माणसांनाही त्याने हाताने मागे सारलं आणि त्यातला एकजण मुहूर्ताचं काही बोलू लागला तेव्हा म्हणाला, "होऊ द्या उशीर." पुढे संसारात आम्ही पुष्कळ भांडलो. पण प्रत्येक भांडणात मी कुठेतरी त्याला थोडी सूट दिली, ती त्या तीन शब्दांपायी.

बाबांचे ओठ आधी काळपट झाले, मग मातकट, मग हळूहळू त्यांना त्यांचा रंग येऊ लागला. गळ्याखालची शीर माझ्या बोटांना आता नीट लागत होती. काका बाजेच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते, दोन्ही हात रिकामे, गुडघ्यांवरून लोंबणारे. लग्नानंतर आठवडाभरात त्यांनी ते सगळं सामान गाडीतून उपटून काढलं आणि कुणाला न सांगता भंगारात घातलं. गोधड्या तेवढ्या आईने सोडवून घेतल्या. बाबांनी त्यानंतर आणखी पुष्कळ उन्हाळे काढले. पण तेव्हा त्या खळ्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त हाताखालची ती शीर ठाऊक होती.

मग बाबांनी कपाळावर आठी घातली. हात उचलून डोळ्यांवर आडवा धरला. आणि म्हणाले, "ऊन लागून राह्यलं वं."

मी रडले. मोठ्याने, लोकांदेखत, मुंडावळ्या तोंडात जाईपर्यंत रडले. आईने सवयीने पदर लोट्यात बुडवला आणि ती त्यांच्या अंगावर पिळायला धावली. काकांनी सवयीने बाजेचा खूर धरला, सावलीत न्यायला. मी दोघांनाही थांबवलं, पण आता ऊन द्यायचं की सावली, ते मलाही ठरवता येईना. आम्ही तिघंही बाजेभोवती घुटमळत एकमेकांकडे बघत राहिलो.

बाबांनी हाताआडून आमच्याकडे बघितलं. आवाज अजून बारीक होता, पण बोलणं मास्तराचं होतं.

"हिंगणघाट सोडलं तवाच म्हटलतं मी. थंडी लागून राह्यली, थोडं कमी करा. तुमी दोघंही हासले."

आईने लोटा खाली ठेवला. काकांनी खूर सोडला. खरं होतं ते. आईने नंतर मला सांगितलं, की बाबा म्हणाले तेव्हा ती म्हणाली होती, बसा चुप, असा गारवा नशिबात येते का कोणाच्या. काका त्यावर खदखदून हसले होते. त्यानंतर बाबा काही बोलले नाहीत. अर्ध्या जिल्ह्यातून तो माणूस गारठत आला, आणि ज्या बाजूने त्याला कळत होतं त्या बाजूने त्याने एकदा सांगितलं होतं.

मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले. "बाबा," मी विचारलं, "सावलीत नेऊ, का अजून थोडं राहू देऊ?"

बाबांनी डोळे मिटले, आणि छातीपासून वरच्या आपल्या तेवढ्याशा अंगात काय चाललं आहे ते नीट तपासून बघू लागले, एखाद्या पोराची वही तपासावी तसे. आम्ही सगळे थांबलो. नवरदेव थांबला, वाजंत्री थांबली, भटजी हातात अंतरपाट घेऊन उन्हात येऊन उभे राहिले. मुहूर्त टळून गेला, तरी मी पुन्हा विचारलं नाही.